कोरड्या ट्रॅकवर पावसाळी रेसिंग टायर

पाऊस थांबला आणि ट्रॅक वाळू लागला की पावसाळी टायरवर जास्त वेळ काढू नका. त्यांचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, कारण पाणी टायरला सतत थंड करत राहतं. फॉर्म्युला वनचा पूर्ण पावसाळी टायर ताशी 300 किमी वेगाला सेकंदाला सुमारे 85 लिटर पाणी बाजूला फेकतो. ते पाणीच नसेल तर खोल खाचांमधले रबराचे ठोकळे वळणावर लचकतात, घासतात, तापतात. गाडी तरंगल्यासारखी वाटते, ब्रेक मारताना मागचा भाग वळवळतो. थांबून टायरवरून हात फिरवा (जपून, चांगलाच तापलेला असतो): ठोकळ्यांच्या कडा एका बाजूला वळलेल्या, सोललेल्या लागतील. पुढे तुकडेच उडतात.

लगेच पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) येता येत नसेल तर सरळ पट्ट्यावर रेसिंग लाइन (सगळ्या गाड्या जातात ती वाट) सोडून ओलसर भागातून गाडी न्या, टायर थंड होतात. ब्रेक मात्र त्या ओल्यावर जोरात मारू नका. वळणात स्टिअरिंग हळू फिरवा, थ्रॉटल सावकाश द्या.

आणि सरावासाठी कोरड्यात हे टायर कधीच वापरू नका. पुढच्या पावसात लागणाऱ्या खाचा तिथेच झिजून जातात.