निपाणी-अथणी भागात गावपातळीवर काम करायला येताय?

समाजकार्याची पदवी घेऊन आमच्या सीमाभागात येणारी मुलं महिन्याभरात एक अहवाल लिहितात: 'कारागिरांना प्रशिक्षणाची गरज.' एवढं मात्र लिहू नका. कोल्हापुरी चपलेची वेणी विणणाऱ्या बाईला तुम्ही काय शिकवणार? २०१९ मध्ये या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातलेही चार त्यात होते, बेळगाव धरून. कसब गावात आहेच. अडतं ते चामड्याच्या पैशापाशी.

पावसाळ्यात चामडं वाळत नाही, चपलाही खपत नाहीत. घर चालवायला व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते. मग चामडं त्याचंच, माल त्यालाच, दरही तोच ठरवणार. विणता विणता मान वर न करता एक मावशी मला म्हणाल्या होत्या, "दर इचारायचा कुणी? दिवाळीची उचल अजून फिटायची हाय." म्हणून गावात गेल्यावर पहिल्यांदा कोण कुणाचं देणं लागतो ते समजून घ्या. हे सर्वेक्षणाच्या फॉर्मवर येत नाही. चारदा चहा प्याल्यावर येतं.

दुसरं, बचतगटाची वही वाचायला शिका. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि चोख नोंद ही पंचसूत्री भिंतीवर सगळीकडे असते. गट जिवंत आहे की नाही ते परतफेडीच्या रकान्यात दिसतं. गटाच्या कर्जातून आधी उचल फेडून मग चार घरांनी मिळून चामडं घेतलं, तरच दराची बोलणी करता येतात. उलट्या क्रमाने केलं की एकाच घरावर दोन कर्जं.

कन्नड वाचता येणं हवंच. इथे भाषेचं राजकारण भरपूर आहे, त्यात आपण पडू नये. पण बैठक मराठीत होते आणि संजीविनीचे (कर्नाटक सरकारच्या बचतगट योजनेचे) आणि पंचायतीचे कागद कन्नडमध्ये असतात. ठराव मोठ्याने वाचून, मराठीत सांगून मगच सह्या घ्या. पीडीओ साहेब, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, घाई करतील. करू द्या.

पगार बेताचा, नेमणूक बहुधा प्रकल्प संपेपर्यंतच. स्वतःची दुचाकी लागते, कारण बायका मोकळ्या होतात त्या संध्याकाळी, आणि शेवटची बस तोवर गेलेली असते. गणपतीच्या आठवड्यात बैठक ठेवू नका, कुणी येत नाही.