हँडमेड पेपरच्या कार्डावरच्या एम्बॉस नक्षीत रंग भरताना

हँडमेड पेपरवर एम्बॉस केलेल्या (म्हणजे मागून दाबून उठवलेल्या) नक्षीत ब्रशने वॉटर कलर लावला की कागद तो शोषून घेतोय, रंग कडेला फुटतोय आणि उठाव पण बसतोय, म्हणून रंग कोरडाच लावायचा, आणि स्टेन्सिल (नक्षी कापलेला साचा) काढायच्या आधी.

१. स्टेन्सिल कार्डाच्या पुढच्या बाजूला मास्किंग टेपने चिकटवा, कार्ड उलटं करून खिडकीच्या काचेवर धरा आणि मागून बोथट टोकाने कडेकडेनं दाबत जा. कागद जाड असला की उजेडात नीट दिसत नाही, मग बोटानं कडा चाचपायच्या.

२. आता स्टेन्सिल तशीच ठेवून कार्ड सुलटं करा. ड्राय पेस्टल (खडूसारखा कोरडा रंग; ऑइल पेस्टल नको, चिकट होतंय) ब्लेडने खरवडून पावडर करा आणि आयशॅडोच्या स्पंजने किंवा इअरबडने उठावावर हलकं गोल गोल फिरवा. स्टेन्सिल असल्यामुळं रंग बाहेर जातच नाही बघा की! घरात जुनी आयशॅडो पडलेली असली तर ती पण चालतेय, उलट थोडी चमक येतेय.

३. फुंकर मारून जास्तीची पावडर उडवा, मगच स्टेन्सिल उचला. बोटानं पुसलात की डाग पडला म्हणून समजा.

शेवटी हातभर लांबून हेअरस्प्रेचा एकच हलका फवारा. जवळून मारला तर ओले डाग पडतात, आधी तुकड्यावर बघा. आणि आपल्या बेळगाव-खानापूरच्या पावसात कागद दमट होतोय, तसल्या कागदावर पावडर धब्बे धरतेय, तेव्हा कार्डं डब्यात बंद ठेवलेली बरी.