शिडाच्या छोट्या होडीत बचावाचं सामान ठेवताना या चुका टाळा

पुण्याभोवतीच्या धरणांच्या पाण्यात शिडाची होडी नेणाऱ्यांकडे बचावाचं सामान सहसा असतं. नडतं ते त्याच्या जागेमुळे. लॉकरचं झाकण उघडावं तर वर डब्यांची पिशवी, खाली ओला टॉवेल आणि तळाशी लाईफ जॅकेटं, पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग येतात, वारा एकाएकी दिशा बदलतो आणि होडी कलंडते. मग ते लॉकरच पाण्याखाली जातं.

म्हणून जॅकेटची जागा अंगावर, तीही काठावरूनच. पाण्यात पडल्यावर ते चढवणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जातं. घातल्यावर खांद्यापाशी धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं तर पट्ट्या सैल आहेत किंवा माप चुकलंय. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. जॅकेट किती जोराने तरंगवतं ते न्यूटनमध्ये मोजतात. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला फक्त आधार देतं, बेशुद्ध माणसाला उताणं करण्याची त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. पोहता न येणाऱ्यांसाठी किमान 100 न्यूटनचं घ्या.

दुसरी चूक दोरीची. नायलॉनची दोरी बुडते, पॉलिप्रॉपिलीनची तरंगते. पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या पिशवीत अशी तरंगणारी 15 ते 20 मीटर दोरी पुरते, पण ती वेटोळी करून ठेवू नका, फेकताना गुंता होतो. मुठीमुठीने सुटी कोंबत जा. पिशवी सुकाणू धरणाऱ्याच्या हाताशी, एका झटक्यात सुटेल अशा हुकावर अडकवा. ओली गाठ नखांनी सोडवत बसण्याइतका वेळ तेव्हा नसतो. फेकताना मोकळं टोक हातात घट्ट धरा, मनगटाला मात्र कधीही गुंडाळू नका.

मला सगळ्यात जास्त खटकते ती तिसरी चूक: सामान कुठे आहे हे फक्त होडी चालवणाऱ्याला ठाऊक असतं. तोच पाण्यात पडला तर? निघण्याआधी प्रत्येकाला पिशवी हात लावून दाखवा, फेकायला लावा. शिडाची दोरी सैल सोडली की होडीचा जोर ओसरतो, हेही करून दाखवा. मग सुकाणूवर एक हात ठेवून, डोळे मिटून दुसऱ्या हाताने पिशवी शोधा. सापडली नाही तर जागा बदला.

शिट्टी आणि छोटी सुरी जॅकेटलाच बांधा. पाणी उपसायचं भांडं दोरीने होडीला बांधा, नाहीतर होडी उलटताच ते वाहून जातं. आणि उलटलेली होडी सोडून काठाकडे पोहत सुटू नका. तरंगणारी होडी डोक्यापेक्षा लांबून दिसते.

घरी आल्यावर जॅकेटं गाडीच्या डिकीत तापत ठेवू नका, गॅलरीत सावलीत वाळवा. दोरी पूर्ण बाहेर काढून वाळवा आणि पुन्हा स्वतःच्या हाताने भरा.