दुकानात फोटो काढायचा असेल तर आधी एवढं करा

आमचं सांगलीला किराणा दुकान होतं. मी दहावीत असताना एक गृहस्थ आले. जुन्या दुकानांचे फोटो काढतो म्हणाले. वडिलांनी त्यांना चहा पाजला आणि हवे तेवढे काढा म्हणून सांगितलं. फोटो खरंच देखणा आला होता: लाकडी खण, तागडी, मागे लक्ष्मीची तसबीर. पण तसबिरीखाली उधारीची पाटी होती. तो फोटो मोठा करून एका प्रदर्शनात लागला, तेव्हा आमच्याच गल्लीतल्या एका बाईंचं नाव आणि पुढे ३४० रुपये लांबूनही वाचता येत होते. वडील त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले, तरी त्या परत दुकानाची पायरी चढल्या नाहीत. पाटी त्याच रात्री पुसली गेली.

त्या गृहस्थांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी परवानगीही घेतली होती. म्हणून मी आता स्वतः दुकानांचे फोटो काढायला लागले, तेव्हापासून नुसतं ‘काढू का?’ विचारून थांबत नाही. दुकान मालकाचं असलं तरी आत ठेवलेलं सगळं त्याचं नसतं.

विचारायचं ते गल्ल्यावर बसलेल्या माणसाला. कामावरच्या मुलाला विचारलंत तर तो भिडेखातर हो म्हणेल आणि नंतर बोलणी त्यालाच बसतील. सकाळी भवानी व्हायच्या आत जाऊ नका. दसरा, धनत्रयोदशी, लग्नसराईतली संध्याकाळ, या वेळा तर सोडाच. साधारण अकरा-साडेअकराला गर्दी ओसरलेली असते. कॅमेरा पिशवीत ठेवूनच बोलायला सुरुवात करा. मी असं म्हणते: “काका, मी सांगलीची. तुमच्या कामाचे चार फोटो काढू का? फेसबुकवर टाकीन, विकणार नाही. आणि काय काढायचं नाही ते आधीच सांगा.” शेवटचं वाक्य विसरू नका. त्याच्या उत्तरातच खरी परवानगी असते.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे मला नीट कळलं. एकेकाळी हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातली माणसं तिथे तंतुवाद्यांकडे वळली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. फोटोसाठी येणारे बरेच असतात. दुकानात छताला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली सतरंजीवर कारागीर बसलेला. चपला बाहेर काढा. जमिनीवर आडवं ठेवलेलं वाद्य कितीही अडचण झाली तरी ओलांडू नका, वळसा घालून जा. कोपऱ्यात चिठ्ठी लावलेला तंबोरा दिसला तर तो बहुधा दुरुस्तीला आलेला, गिऱ्हाइकाचा असतो. त्याला हात लावायचा नाही आणि फोटो हवाच असेल तर वेगळं विचारायचं. मालकाने हो म्हटलं असलं तरी कारागिराला स्वतंत्र विचारा. हात त्याचे आहेत, चेहरा त्याचा आहे.

आणि जवारी लावायचं, म्हणजे तारेचा आवाज गुंजता करायचं काम चालू असेल तर कॅमेरा सरळ खाली ठेवा. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा कानसीने किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं, असं ते काम चालतं. सगळं कानावर असतं. तेवढ्यात शटरचा खटका वाजला किंवा तुम्ही “इकडे बघा ना” म्हणालात, तर त्याचा धागा तुटतो. मी अर्धा तास नुसती बसून ऐकलं आहे आणि नंतर त्याच कारागिराने आपणहून “आता काढा” म्हटलं आहे.

साड्यांच्या दुकानात गोष्ट वेगळी. बहिणीला दाखवायला साडीचा फोटो हवा असेल तर तसं सांगा. बहुतेक ठिकाणी विक्रेता स्वतःच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. गुपचूप काढलात तर नक्षी उचलायला आलात असं वाटतं, आणि ते वाटणं चुकीचं नाही. शेजारी बस्ता चालू असेल तर ते कुटुंब चौकटीत घेऊ नका. ट्रायल रूमच्या बाजूला मोबाइल वळवायचाच नाही. सराफाकडे दागिन्यापलीकडे काही टिपू नका, कारण तिजोरी कुठे, दार कुठे हे फोटोतून बाहेर जातं. औषधाच्या दुकानात काउंटरवर कुणाचं तरी प्रिस्क्रिप्शन पडलेलं असतं, तिथे मी काढतच नाही.

दुकान सगळ्यांसाठी उघडं असलं तरी ती खाजगी जागा आहे. पाटी लावलेली नसली तरी मालक नाही म्हणू शकतो आणि त्याला कारण द्यावं लागत नाही. नाही म्हटल्यावर रस्त्यावर उभं राहून झूम करून काढणं मला चोरीसारखंच वाटतं. काढलेला फोटो पुसा म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा, आणि डिलीट केलेल्यांच्या फोल्डरमधूनही काढा, नाहीतर तो काही दिवस तिथे राहतोच.

घरी आल्यावर प्रत्येक फोटो मोठा करून कोपरे तपासा. पैसे भरायचा क्यूआर कोड, बिलबुकातले मोबाइल नंबर, उघडी वही, गल्ल्याचा खण. कापड दुकानात चिठ्ठीवरची अक्षरंही बघा, कित्येक व्यापारी त्या अक्षरांत खुणेने खरेदीचा भाव लिहून ठेवतात. यातलं काही दिसलं तर कापा, नाहीतर तो फोटो बाजूला ठेवा.

मग सहा बाय चारची एक प्रिंट काढून नेऊन द्या. “पाठवते” म्हणून विसरणारे फार असतात आणि दुकानदार ते लक्षात ठेवतात. मिरजेच्या एका कारागिराला मी भोपळा कापतानाची प्रिंट दिली, तर त्यांनी ती पालथी केली आणि मागे तारीख लिहायला सांगितली. त्या भोपळ्याचा तंबोरा झाला की त्याच्याबरोबर ती प्रिंट गिऱ्हाइकाला द्यायची होती. मी तारीख लिहिली. मग भोपळा पंढरपूरकडच्या कुठल्या गावातून आला तेही त्यांनी सांगितलं आणि तेही लिहून घेतलं.