तैपेईला दोघींनी जाताना

पहिल्या परदेशवारीच्या वेळी आमच्या ट्रॅव्हल एजंटने न विचारताच दोन सुट्या पलंगांची खोली घेतली होती. "दोघी बहिणी ना?" तो म्हणाला, आणि मी हो म्हटलं. वय वर्षं सत्तेचाळीस, तरी हो म्हटलं. म्हणून जोडीदारणीबरोबर तैवानच्या राजधानीला, तैपेईला, निघणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे, की खोली स्वतः बुक करा आणि 'डबल' घ्या, 'ट्विन' नको. तैपेईच्या हॉटेलात काउंटरवरच्या मुलीने दोन पासपोर्ट घेतले, एका पलंगाच्या खोलीचं कार्ड दिलं आणि नाश्त्याची वेळ सांगितली. विमानात घोकून ठेवलेलं उत्तर मला द्यावंच लागलं नाही.

समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली ती आशियात सगळ्यात आधी तैवानमध्ये. २४ मे २०१७ रोजी तिथल्या घटनापीठाने निकाल दिला, सरकारला दोन वर्षांची मुदत दिली, आणि २४ मे २०१९ पासून नोंदणी सुरू झाली. त्या खटल्यातले एक अर्जदार ची च्या-वेई हे १९८६ पासून हेच मागत होते. पण मधल्या काळात, २०१८च्या नोव्हेंबरात झालेल्या सार्वमतात बहुसंख्य मतदार विरोधात गेले होते, हेही डोक्यात ठेवा. शहर मोकळं आहे म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक आजीने तुम्हाला जवळ घ्यावं असं नाही. हातात हात घालून खुशाल फिरा. भररस्त्यात मुके घेणं तिथे स्त्री-पुरुष जोडप्यांमध्येही फारसं दिसत नाही.

व्हिसाचं काम आधी उरका. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, शेंगेन, जपान अशांपैकी एखाद्याचा चालू व्हिसा असेल, किंवा गेल्या दहा वर्षांत संपलेला असेल, तर तैवानचा प्रवास-परवाना ऑनलाइन आणि फुकट मिळतो. राहण्याची मुदत १४ दिवस. असं काही नसेल तर रीतसर व्हिसा काढायचा. त्यासाठी 'तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र' दिल्ली, चेन्नई आणि मुंबईत आहे. नियम बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी त्यांची वेबसाइट उघडून बघाच. दोघींचे अर्ज वेगवेगळे जातात. एकीचं झालं आणि दुसरीचं अडकलं, असं होऊ शकतं. दोन्ही कागद हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

प्राइडचा, म्हणजे आपल्यासारख्यांचा अभिमानाचा मोर्चा २००३ पासून निघतो, बहुधा ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, हल्ली सिटी हॉलसमोरून. आदल्या संध्याकाळी शीमेन भागात ट्रान्स मोर्चा असतो. तो लहान असतो, पण मला तोच जास्त भावला. त्या आठवड्यात शीमेनमधल्या खोल्या लवकर भरतात, तेव्हा तीन-चार महिने आधी बघा. छत्री न्या, कारण ऑक्टोबरातही एखादं वादळ येऊ शकतं. आणि फोटोंचा विचार घरूनच करून जा. मोर्चात कॅमेरे असतात, लोक टॅग करतात, आणि आपली चुलत वहिनी नेमकी तेव्हाच मोबाइल बघत असते. तिथे एरवीही बरेच लोक मास्क लावतात, त्यामुळे तुम्ही लावलात तर कोणी वळून बघत नाही. आमच्या 'ही'ने पहिला अर्धा तास मास्क लावला, मग घामाने वैतागून काढला.

ताओयुआन विमानतळावरून मेट्रोची जांभळी, म्हणजे जलद गाडी घ्या. चाळीस मिनिटांच्या आत मुख्य स्टेशनला पोचता, तिकीट दीडशे तैवानी डॉलरच्या आसपास. मुख्य स्टेशनवर उतरल्यावर शीमेनला जायला निळ्या लाइनच्या पाट्या बघत भुयारात बॅगा ओढत बसू नका. बेमेन स्टेशन तिथून चालत जवळ आहे. हिरव्या लाइनने पुढचंच स्टेशन शीमेन. ईझीकार्ड पहिल्याच दिवशी घ्या. मेट्रो, बस, कोपऱ्यावरचं सेव्हन-इलेव्हन, सगळीकडे चालतं. मेट्रोत खाणं-पिणं मात्र बंद, अगदी पाणीसुद्धा. दंड १५०० पासून ७५०० डॉलरपर्यंत. मी बाटलीचं झाकण उघडलं तशी शेजारच्या बाईंनी माझ्या मनगटावर हलकेच चापटी मारली. दंडापेक्षा तेच जास्त लागलं.

शीमेन स्टेशनच्या सहा नंबरच्या दाराबाहेर रस्त्यावर इंद्रधनुष्याचे पट्टे रंगवलेत. फोटो काढा आणि पुढे चला. जवळच 'रेड हाऊस', जपानी अमलात १९०८ साली बाजार म्हणून बांधलेली लाल विटांची अष्टकोनी इमारत. तिच्या मागच्या चौकात उघड्यावर टेबलं मांडलेले बार आहेत. संध्याकाळी तिथे बसण्याची मजा वेगळीच, पण गर्दी पुरुषांची. आम्हा दोघींकडे बघून वेटर खूश झाला, कारण आख्ख्या रांगेत बायका म्हणजे आम्हीच. बायकांचे बार उघडतात आणि बंद होतात, म्हणून नावं देत नाही. त्यापेक्षा गोंगक्वानला जा. विद्यापीठाच्या बाजूला १९९४ साली सुरू झालेलं 'फेमबुक्स' हे स्त्रीवादी पुस्तकांचं दुकान आहे. चिनी वाचता येत नसलं तरी असू द्या, अशा दुकानात नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं.

दोन शब्द पाठ करा. 'तोंगझी' म्हणजे मुळात कॉम्रेड, पण तिथे आपल्यासारख्यांना म्हणतात. आणि लेस्बियन बाई म्हणजे 'लाला'. एका मुलीने "तुम्ही लाला का?" असं विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे चोपडी घेऊन बसलेला सावकारच आला.

शाकाहारी असाल तर 'सू-शी' असं म्हणा. जपानी सुशीशी त्याचा संबंध नाही. तिथल्या पारंपरिक शाकाहारात कांदा-लसूणही नसतो, म्हणजे आईच्या चातुर्मासालाही चाललं असतं.

सशाच्या देवळाला मात्र अर्धा दिवस राखून ठेवा. नारिंगी लाइनवर योंगआन मार्केट स्टेशन, तिथून योंगहच्या गल्ल्यांत शिरायचं. नकाशा उघडाच ठेवा, कारण शिखर-कळस काही नाही, राहत्या वस्तीतलं छोटंसं देऊळ आहे. एका ताओ पुजाऱ्याने २००६ साली ते सुरू केलं. कथा अशी, की हू त्येनपाओ नावाचा एक जण बड्या अधिकाऱ्यावर भाळला, त्याला चोरून बघताना पकडला गेला आणि मारला गेला. महिन्याभराने तो गावातल्या एकाच्या स्वप्नात ससा होऊन आला आणि म्हणाला, माझा गुन्हा प्रेमाचा होता, मला देऊळ बांधा. ज्यांना आपल्यासारखाच जोडीदार हवा आहे ते इथे मागणं मागतात. स्त्री-पुरुषांच्या लग्नांचा देव निराळा, यूए-लाओ. तो दिहुआ स्ट्रीटवरच्या देवळात असतो आणि लाल दोरा देतो. मी आयुष्यात कुठल्या देवाला नवस बोलले नाही. इथे उदबत्ती धरून उभी राहिले आणि मागायला काहीच सुचेना. शेजारी हिचं पुटपुटणं बराच वेळ चालू होतं. काय मागितलं ते अजून सांगितलेलं नाही.

अडचण आली तर पोलिसांना ११०, रुग्णवाहिकेला ११९. प्रवासविमा काढताना 'तातडीचा संपर्क' या रकाण्यात एकमेकींची नावं लिहा, पण बरोबर तिसरंही एक नाव द्या, घरी असलेलं आणि सगळं माहीत असलेलं.

शेवटचा दिवस बेतोऊच्या गरम पाण्याच्या कुंडांना द्या. लाल लाइनने बेतोऊ, तिथून छोट्या फाट्याने शिनबेतोऊ. काही ठिकाणी स्त्री-पुरुष एकत्र असतात, तिथे पोहण्याचा पोशाख लागतो. जुन्या पद्धतीच्या ठिकाणी बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं, आणि कपडे घालायचेच नाहीत. आधी अंग धुवायचं, केस वर बांधायचे, पंचा पाण्यात बुडवायचा नाही. आमच्या पुढे एक नवराबायको होते. दाराशी त्यांनी घड्याळं बघितली, बोटांनी एकमेकांना वेळ सांगितली, आणि तो उजवीकडे गेला, ती डावीकडे. आम्ही दोघी डावीकडे गेलो.