कॉलेजमधल्या क्लब आणि व्हॉलंटियरिंगमधून रिझ्युमे कसा तयार करायचा

फायनल इयरला रिझ्युमे लिहायला बसलं की मार्क आणि प्रोजेक्ट सोडून लिहायचं काय असा प्रश्न पडतो, मग छंद म्हणून 'वाचन, संगीत' टाकून पान भरलं जातं. हे टाळायचं तर सुरुवात पहिल्या वर्षापासून करा, दुसऱ्या वर्षात असाल तरी काही बिघडलेलं नाही.

पायरी १: आधी बघा, मग दोनच धरा
पहिल्या सेमिस्टरला चार ठिकाणी तोंड दाखवलं तरी चालतं, पण पुढे दोन, फार तर तीन. दहा क्लबचं मेंबर असणं म्हणजे दहा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये असणं, त्याला वजन नाही. एक क्लब तुमच्या फील्डच्या जवळचा घ्या आणि दुसरा मनापासून आवडेल तो, नाटक म्हणा, ट्रेकिंग म्हणा, कारण आवडत नसेल तिथे दुसऱ्या वर्षी कोणी टिकत नाही.

पायरी २: पद नको, काम मागा
प्रेसिडेंट व्हायला सगळे रांगेत असतात, पण हिशोब कोणालाच नको असतो. तो तुम्ही घ्या. स्पॉन्सरशिपचे मेल, रजिस्ट्रेशनची शीट असली कंटाळवाणी कामं करणाराच वर्षभरात क्लब चालवायला लागतो, आणि इंटरव्ह्यूत 'अडचण आली तेव्हा काय केलं' विचारलं तर त्याच्याकडे सांगायला खरं काहीतरी असतं.

पायरी ३: व्हॉलंटियरिंग एकाच ठिकाणी, सातत्याने
एक दिवस झाडू हातात घेऊन फोटो काढण्यापेक्षा दर आठवड्याला दोन तास एकाच संस्थेत जा, आणि शक्यतो तुमचं स्किल वापरलं जाईल तिथे. कॉमर्सवाला संस्थेचे हिशोब लावू शकतो, डिझाइनवाली पोस्टर करू शकते. बाहेर जाणं जमत नसेल तर घरबसल्या विकिपीडियावर लेख सुधारा, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या ऑनलाइन नकाशावर रस्ते-इमारती भरा, कोडिंग येत असेल तर गिटहबवर एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टला हातभार लावा. स्वतःचं अकाउंट काढून केलं की प्रत्येक एडिटची तारखेसकट नोंद तिथे राहते, लिंक दिली की झालं, सर्टिफिकेटसाठी कोणाच्या मागे फिरायला नको.

पायरी ४: नोंद त्याच आठवड्यात
फोनमध्ये एक नोट उघडा: तारीख, काय केलं, किती लोक, किती पैसे, काय बदललं. दोन वर्षांनी यातलं काहीही आठवत नाही.

पायरी ५: आता लिहा
खरी गंमत इथेच आहे. 'कॉलेज फेस्टमध्ये व्हॉलंटियर होतो' या ओळीतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तेच काम असं लिहून बघा:

'फेस्टच्या रजिस्ट्रेशनची जबाबदारी, ६ जणांची टीम, ४५० एंट्री. कागदी फॉर्मऐवजी गूगल फॉर्म आणि एकच शीट, त्यामुळे एकच नाव दोनदा येणं बंद.'

काम तेच, पण यात टीम, आकडा, अडचण आणि तुम्ही काय केलं ते सगळं आलं. आकडे मात्र खरेच टाका, इंटरव्ह्यूतल्या दुसऱ्या प्रश्नाला फुगवलेला आकडा उघडा पडतो. पैसे मिळाले नाहीत म्हणून असं काम शेवटी कोपऱ्यात कोंबू नका, जबाबदारीचं असेल तर सरळ 'एक्सपीरियन्स'खाली घ्या आणि पुढे 'व्हॉलंटियर' लिहा. शाळेतली वक्तृत्वाची बक्षिसं आता काढून टाका. सगळं एका पानात बसवा, आणि प्रत्येक जॉबची जाहिरात वाचून त्याला लागू पडणारी ओळ वर आणा. लिंक्डइनवर व्हॉलंटियरिंगसाठी वेगळा सेक्शन आहे, तोही भरून टाका.

पायरी ६: रेफरन्स
क्लबच्या फॅकल्टी इनचार्जना किंवा संस्थेतल्या ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांना, कॉलेज सोडण्याआधीच, 'तुमचं नाव रेफरन्स म्हणून देऊ का' असं विचारून ठेवा. हो म्हणाले तर पायरी ४ मधल्या नोटमधल्या दोन-तीन ओळी त्यांना मेल करा, म्हणजे कंपनीचा फोन आला तर त्यांना तुमचं काम आठवत बसावं लागणार नाही.