थेट घरी येणाऱ्या सिनेमाचं यश मोजताना या चुका टाळा

पुण्यात एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे, पिफ हा चित्रपट महोत्सव आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्यामुळे सिनेमा कसा करावा हे सांगणारे इथे पैशाला पासरी मिळतात. पण थिएटर न घेता थेट ओटीटीवर, यूट्यूबवर किंवा भाड्याच्या लिंकवर सोडलेला सिनेमा चालला की पडला, हे विचारलं की उत्तरं गोल गोल येतात. थिएटरमध्ये निदान सोमवारी गल्ला कळतो. इथे तीन महिन्यांनी एक एक्सेल शीट येते, तीही मागितल्यावर. म्हणून ‘यश म्हणजे काय’ हे रिलीजआधीच आकडा आणि तारीख घालून लिहून ठेवावं लागतं.

चूक पहिली: भाड्याची किंमत म्हणजे कमाई समजणं

समजा भाडं ९९ रुपये आहे. त्यात १८ टक्के जीएसटी आत धरलेला असेल, तर उरतात ८३.९० रुपये. प्लॅटफॉर्मचा वाटा निम्मा धरा, राहिले ४१.९५. मध्ये ॲग्रिगेटर, म्हणजे सिनेमा प्लॅटफॉर्मपर्यंत पोचवणारा मध्यस्थ असेल आणि तो २० टक्के घेत असेल, तर निर्मात्याच्या हाती येतात ३३.५६. सिनेमाचा खर्च ४० लाख असेल, तर नुसता तो भरून निघायला सुमारे १ लाख १९ हजार वेळा सिनेमा भाड्याने जायला हवा. टक्के तुमच्या करारातले घाला, गणित हेच राहतं.

त्यात करारात बहुतेक वेळा ‘आधी वसूल करायचा खर्च’ हे कलम असतं. क्यूसी (फाइलची तांत्रिक तपासणी), सबटायटल, पोस्टर, जाहिरात असे २ लाख त्यात गेले, तर पहिल्या जवळपास ६ हजार भाड्यांतून तुमच्या खात्यात एक रुपयाही येत नाही. या कलमाला वरची मर्यादा लिहून घ्या. ‘वाजवी खर्च’ हा शब्द करारात दिसला की पेन खाली ठेवा.

चूक दुसरी: व्ह्यूज मिरवणं

११० मिनिटांचा सिनेमा, २ लाख व्ह्यूज, सरासरी पाहण्याचा वेळ ६ मिनिटं. म्हणजे एकूण १२ लाख मिनिटं. भागिले ११०, म्हणजे पूर्ण सिनेमा जेमतेम १०,९०० वेळा पाहिल्याइतकाच वेळ. व्हॉट्सॲप स्टेटसला २ लाख लावा हवं तर, पण वहीत दुसरा आकडा लिहा.

खरी माहिती रिटेन्शनच्या आलेखात असते, म्हणजे कोणत्या मिनिटाला किती प्रेक्षक टिकले हे दाखवणाऱ्या रेघेत. पहिल्या दोन मिनिटांतच रेघ कोसळत असेल, तर दोष बहुतेक वेळा गोष्टीत नसून पाट्यांत असतो: चार लोगो, मग आभार, मग वाड्याच्या मालकांपासून ग्रामपंचायतीपर्यंत पुन्हा आभार. थिएटरमधला माणूस तिकीट काढून बसलेला असतो, घरच्याचा अंगठा मोकळा असतो. आभार शेवटी न्या. (सिगारेटची दृश्यं असतील तर तंबाखूविरोधी सूचना मात्र काढता येत नाही. सप्टेंबर २०२३ पासून ती ओटीटीलाही लागू आहे.)

मध्येच एखाद्या प्रसंगाला रेघ तुटत असेल, तर तो प्रसंग साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. ५.१ चं (सहा चॅनेलचं) मिक्सिंग तसंच स्टिरिओत (दोन चॅनेलमध्ये) उतरवलं की पार्श्वसंगीत वर येतं आणि कुजबुजीतले संवाद बुडतात. स्टिरिओ मिक्स वेगळं करून घ्या आणि फाइल बदला. यूट्यूबवर फाइल बदलता येत नाही, नवी टाकली की व्ह्यूज शून्यापासून सुरू होतात. म्हणून ही तपासणी अपलोडआधी. रेघ हळूहळू उतरत असेल तर काळजीचं कारण नाही, तसं सगळ्यांचंच होतं.

चूक तिसरी: एकाच सिनेमाकडून सगळं मागणं

पैसा, प्रेक्षक आणि पुढचं काम ही तीन वेगळी उद्दिष्टं आहेत आणि ती एकमेकांच्या आड येतात. जास्तीत जास्त लोकांनी पाहावा म्हणून फुकट ठेवला, तर नंतर हक्क विकताना भाव पडतो. घाईने ऑनलाइन टाकला, तर अनेक महोत्सवांची दारं बंद होतात, कारण त्यांना आधी ऑनलाइन आलेला सिनेमा चालत नाही. ओटीटीला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून ते घेतलंच नाही, तर राष्ट्रीय पुरस्काराला पाठवता येत नाही (त्यासाठी ज्या वर्षाचा पुरस्कार, त्याच वर्षातल्या १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातलं प्रमाणपत्र हवं) आणि टीव्हीचा सौदाही अडतो. तिघांतलं एक निवडा. उरलेली दोन मिळाली तर बोनस धरा.

चूक चौथी: पहिल्या आठवड्यात निकाल लावणं

थिएटरची सवय जात नाही, दुसरं काय! घरच्या पडद्यावरचा सिनेमा सणाला, कलाकाराची नवी मालिका आली की, कोणी रील टाकलं की पुन्हा वर येतो. ३० दिवस, ६ महिने, १ वर्ष असे तीन टप्पे ठरवा. पण करार एक्सक्लुझिव्ह (फक्त एकाच प्लॅटफॉर्मसाठी) आणि १० वर्षांचा असेल, तर हे टप्पे काय कामाचे? सहाव्या महिन्यात आकडे वाईट दिसले तरी सिनेमा दुसरीकडे हलवता येत नाही. सही करताना मुदत २–३ वर्षांवर आणा, प्रदेशवार हक्क वेगळे ठेवा आणि दर तिमाहीला हिशेब न आल्यास हक्क परत, असं कलम घालून घ्या.